बारावं नाव

सोमवारी संध्याकाळी मी एका पत्रावर सही केली आणि बुधवारी सकाळी साडेदहा वाजता मला कळलं की ते पत्र खोटं आहे. मधल्या वेळात मी घरी स्वयंपाक केला, लेकीची भूगोलाची उजळणी घेतली आणि मंगळवारी गाढ झोपले. त्या झोपेचा मला अजून राग येतो.

पत्र एका पॅथॉलॉजी लॅबला होतं. लॅब उज्जैनची, पण रक्त-लघवीचे नमुने घेणारी तिची केंद्रं नागदा, बडनगर, तराना, महिदपूर अशी आजूबाजूच्या गावांत. नमुना तिकडे द्यायचा आणि रिपोर्ट मोबाइलवर उघडून बघायचा, अशी सोय. ती सोय ज्या मशीनवर चालते ती मशीन सांभाळण्याचं काम आमच्या ऑफिसकडे आहे. पत्रात लिहिलं होतं की आज निघालेल्या सुरक्षा-सूचनेतला धोका तुमच्या मशीनना नाही, मोबाइलवरची रिपोर्टची खिडकी चालू ठेवायला हरकत नाही. खाली दोन सह्या होत्या, सरांची आणि माझी.

ऑफिस म्हणजे नानाखेड्याच्या बसस्टँडमागे, एका औषधांच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. सिंहस्थाच्या तयारीसाठी समोरचा रस्ता इतक्या वेळा खोदला गेलाय की आता खाली उतरताना आम्ही सवयीनंच पाय उचलून टाकतो. बाकीची पोरं-पोरी दिवसभर गिऱ्हाइकांकडे फिरतीवर असतात. ऑफिसात बसणारे आम्ही दोघंच, सर आणि मी. मालक इंदूरला असतो आणि फोनवर असतो.

सर म्हणजे पॉलिटेक्निकचे सर. आयुष्यभर तिथे शिकवलं आणि अर्ध्या उज्जैनला कॉम्प्युटर दाखवला. मालक त्यांचाच विद्यार्थी. सर निवृत्त झाल्यावर त्यानंच त्यांना हातापाया पडून आमच्याकडे आणलं. सरांचे पूर्वज इथे दरबारात कारकून होते. सर म्हणायचे, आमच्या घराण्यात दोनशे वर्षं याद्याच चाललेल्या आहेत, आता फक्त शाई गेली. मुलं दूर, घरी ते आणि काकू. काकू मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "ऑफिस आहे म्हणून हे सकाळी दाढी करतात हो. नाही तर दुपारपर्यंत खाटेवर नुसते बसून राहतील." ते वाक्य मी विसरले नव्हते. पुढे जे केलं त्याला ते वाक्यही थोडं कारण आहे. पण थोडंच.

आमचं काम काय, हे नातेवाइकांना सांगणं मी कधीच सोडून दिलंय. "कॉम्प्युटरमध्ये असते" एवढ्यावर लग्नकार्यं निभतात. पण इथे सांगायला हवं. एका मशीनवर सॉफ्टवेअरचे हजारभर तुकडे बसवलेले असतात, त्यांना पॅकेज म्हणतात आणि प्रत्येकाला वेगळं नाव असतं. ही पॅकेजेस ज्या मूळ कोडमधून तयार होतात त्याचं नाव निराळंच असतं. एका मुळातून कधी दोन पॅकेजेस निघतात, कधी वीस. त्या मुळात कुठे चोराला आत शिरता येईल असं भोक सापडलं, की जगभर सूचना निघते आणि ती निघते मुळाच्या नावानं. आपल्या मशीनवर यादी असते पॅकेजच्या नावांची. या दोन नावांची गाठ घालून "आपल्याकडे आहे" किंवा "नाही" हे सांगायचं, हे आमचं काम.

पहिल्या आठवड्यात मला हे काही केल्या कळेना, तेव्हा सरांनी स्वतःच्या टेबलावरचं भैरवगढच्या छपाईचं कापड उचलून दाखवलं होतं. "हीच चादर फ्रीगंजच्या दुकानात एका नावानं मिळते, इंदूरला दुसऱ्या नावानं," ते म्हणाले. "उद्या बातमी आली की भैरवगढच्या अमक्या कापड छापणाऱ्या छिपाचा रंग कच्चा निघाला, तर तू दुकानात जाऊन त्या छिपाचं नाव शोधशील का? दुकानात ते नावच नाहीये. कोणती चादर कोणाच्या टाकीतून आली, याची यादी तुझ्याकडे पाहिजे." ती यादी म्हणजे आमचा तक्ता. सरांनी तो पहिल्या ओळीपासून स्वतः बनवला होता. धोका शोधणारं तयार सॉफ्टवेअर आमच्याकडेही आहे, पण लॅबच्या मशीनवरची बरीच पॅकेजेस आम्ही इथे, आमच्या गरजेनुसार बांधलेली. ती त्याला ओळखू येत नाहीत. तिथे तक्ताच लागतो.

आणि तक्ता वाचायची सरांची एक पद्धत होती. सूचना आली की दोन वाचनं करायची. पहिलं सुलट. सर तक्त्याच्या स्क्रीनसमोर बसून त्या मुळाखालची नावं एकेक मोठ्यानं वाचणार, मी माझ्या स्क्रीनवर मशीनच्या यादीत ते नाव शोधून "आहे" किंवा "नाही" म्हणणार. मग दुसरं, उलट. खुर्च्या बदलायच्या. सर मशीनच्या यादीसमोर, मी तक्त्यासमोर. आता सर मशीनवरचं एकेक नाव वाचणार आणि मी ते कोणत्या मुळातून आलंय ते तक्त्यात बघून सांगणार. सुलट वाचन वीस मिनिटांत होतं. उलट वाचनाला दीड तास लागतो, घसा सुकतो आणि बहुतेक वेळा काहीही सापडत नाही. दोन्ही झाली की कागदावर दोन चौकोनांत खूण करायची आणि सह्या. लॅबवाल्यांना आम्ही मिरवून सांगायचो की आमच्याकडे दुहेरी वाचन होतं.

आता सरांच्या डोळ्यांबद्दल. दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात यायला लागलं. सकाळी आल्यावर ते पेपरमधल्या बातम्या मोठ्यानं वाचून त्यावर टीका करायचे, ते बंद झालं. दारातून कोणी आत आलं की ते बोलेपर्यंत सर नाव घेत नसत. चहाचा कप शोधताना मान एका बाजूला वळवत, म्हणजे कपाकडे न बघता त्याच्या शेजारी बघत. एकदा इंदूरला मालकाकडे जायचं तर समोरच्या देवासच्या बसमध्ये जाऊन बसले आणि अर्ध्या रस्त्यात कंडक्टरनं उतरवलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच हसत सांगत होते, "डोकं ठिकाणावर नाही माझं." मीही हसले. मला तेव्हाच कळलं होतं की गडबड डोक्यात नाही. कळलं आणि मी गप्प बसले.

त्याच सुमारास उलट वाचन बंद पडलं. कोणी ठरवून बंद केलं नाही. एका संध्याकाळी सर म्हणाले, घसा बसलाय, उलटं उद्या करू. मी म्हटलं, हो. उद्या झालं नाही. पुढच्या सूचनेला मीच म्हटलं, सर, उलटं राहू द्या आज, मी घरून करून टाकते. घरून काही करता येत नाही, त्याला दोन माणसं लागतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सर "ठीक आहे" म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुटकेचं काही आलं ते मी बघितलं. सुलट वाचन ते झकास करत होते, खणखणीत आवाजात, न अडखळता, पूर्वीपेक्षा भरभर. उलट वाचनात मशीनची अनोळखी यादी वाचावी लागते आणि तिथे ते उघडे पडले असते. म्हणून मी त्यांना सांभाळून घेत होते, असं मी स्वतःला सांगत असे.

खरी गोष्ट अशी की दीड तास वाचत होता. मी पाचला निघू शकत होते. लेक शाळेतून आल्यावर शेजारणीकडे बसत नव्हती, सासूबाईंची कुरकुर ऐकू येत नव्हती, आणि संध्याकाळचा चहा मी स्वतःच्या घरी बसून पीत होते. सरांचे डोळे माझ्या सोयीचे झाले होते. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागलाय.

उलट वाचनाच्या चौकोनात मी खूण करत राहिले.

सोमवारच्या सूचनेचं वाचन आम्ही दुपारी केलं. सरांनी त्या मुळाखालची अकरा नावं वाचली. अकराच्या अकरा वेळा मी "नाही" म्हटलं. सर म्हणाले, "अकरा. संपलं." मी दोन्ही चौकोनांत खूण केली, दोघांनी सह्या केल्या, मी स्कॅन करून पाठवलं आणि पाचला घरी.

बुधवारी त्याच मुळाची सुधारलेली सूचना आली. त्यात लिहिलं होतं की भोक वाटलं त्यापेक्षा मोठं आहे, कोणीही एक बनावट फाइल पाठवून आतल्या सगळ्या फाइली वाचू शकतं. सर अजून यायचे होते. म्हणून तक्ता मी उघडला. कित्येक महिन्यांत त्या खुर्चीवर मी बसलेच नव्हते. त्या मुळाखालच्या ओळी मी मोजल्या आणि बारा भरल्या.

बाराव्या ओळीपुढे माझीच आद्याक्षरं होती. जानेवारीत आम्ही लॅबची सगळी मशीन नव्या आवृत्तीवर नेली होती. तेव्हा दोन वेगळे मूळ कोड एकत्र झाले होते आणि रिपोर्टची फाइल उघडून दाखवणारं पॅकेज एका मुळाखालून उठून या मुळाखाली आलं होतं. तक्त्यात ते मी माझ्या जागेवरून घातलं होतं, सरांना सांगितलंही होतं. ते पॅकेज लॅबच्या प्रत्येक मशीनवर आहे. ते शोधायचीही गरज नव्हती, मला झोपेत विचारलं असतं तरी मी "आहे" म्हटलं असतं.

सोमवार संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत लॅबचं दार सताड उघडं होतं आणि ते उघडं ठेवा असं आम्ही लिहून दिलं होतं. त्या रिपोर्टांत काय काय असतं ते मला माहीत आहे. कोणाला कोणता आजार, कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे, कोणाला ते कोणालाच कळू द्यायचं नाहीये.

त्या वेळी मी लगेच फोन उचलायला हवा होता. मी उचलला नाही. पंधरा मिनिटं मी त्या खुर्चीवर नुसती बसून होते आणि विचार करत होते की गुपचूप दुरुस्ती बसवून टाकली तर. नवी आवृत्ती बसवायला फार तर अर्धा तास लागतो. "नेहमीचं देखभालीचं काम आहे" असं लॅबला सांगितलं तर त्यांनी मान हलवली असती. पत्र तसंच फाइलमध्ये पडून राहिलं असतं. सर राहिले असते, मी राहिले असते. फक्त या दीड दिवसात कोणी आत येऊन गेलं का, ते कोणी बघितलं नसतं, कारण बघायचं तर ते का बघतोय हे सांगावं लागलं असतं. पंधरा मिनिटं हे मला चालण्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात जिन्यावर सरांची पावलं वाजली. कठड्याला धरून, एकेक पायरी. मी घाईनं माझ्या खुर्चीवर येऊन बसले. का, ते मला सांगता येणार नाही. सर आले, पिशवी खुंटीला लावली, त्यांच्या जागी बसले. त्यांच्या स्क्रीनवर मी तक्ता बंद केला होता, त्यामुळे पासवर्ड मागणारी कोरी चौकट तेवढी होती.

मी म्हटलं, "सर, सोमवारी आपण किती नावं वाचली?"

"अकरा."

"परत एकदा वाचता का? मला जरा बघून घ्यायचं आहे."

"काय झालं? काही लफडं आहे का?"

"नाही, वाचा ना."

सरांनी खुर्ची पुढे ओढली, मान थोडी डावीकडे वळवली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. प्रत्येक नावातली अक्षरं सुटी सुटी, आकडे वेगळे, नेहमीसारखं. त्यांच्यासमोर पासवर्डची चौकट होती, बाकी पांढरं. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि अकराव्या नावापर्यंत मला थांबवता आलं नाही. ते सगळं त्यांना पाठ होतं. अख्खा तक्ता त्यांना पाठ होता, मागच्या वर्षीपर्यंतचा.

"अकरा. संपलं," सर म्हणाले.

"सर, बारा आहेत."

त्यांनी हात टेबलावर ठेवले. "कधीपासून?"

"जानेवारीपासून. मी घातलं होतं."

"तू मला सांगितलं होतंस," सर हळू म्हणाले. "फाइल उघडणारं. हो. सांगितलं होतंस." मग त्यांनी विचारलं, "समोर काय आहे माझ्या आत्ता?"

"काही नाही सर. तक्ता उघडलेलाच नाही."

खालून बसचे हॉर्न येत होते आणि कोणीतरी "देवास, देवास, इंदौर" ओरडत होतं. सरांनी मला आणखी एकही प्रश्न विचारला नाही, एकही कारण सांगितलं नाही. म्हणाले, "लॅबला फोन लाव. आधी खिडकी बंद करून घे त्यांची. बाकी सगळं नंतर बघू."

मी पंधरा मिनिटं जे करू शकले नव्हते ते त्यांनी दोन क्षणांत केलं.

लॅबच्या मॅनेजरबाई चिडल्या. "मैडम, बारा बजे तक यहाँ सौ लोग खड़े हो जाएँगे, सब मोबाइल पे देखते हैं अब। परसों तो आपने लिखके दिया था।"

"मैंने ही दिया था," मी म्हटलं. "गलत दिया था। अभी बंद कर दीजिए, प्लीज।"

त्यांनी बंद केली. मी दुरुस्ती बसवायला घेतली. घाईत एकाच ओळीत दोनदा चुकले. पाऊण तासात सगळ्या मशीनवर नवं पॅकेज बसलं. पण खिडकी उघडायच्या आधी मधल्या काळात काय झालं ते बघायचं होतं. मशीन प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतं. त्या नोंदींच्या हजारो ओळी होत्या, आणि बनावट फाइल कशी दिसते हे त्या सूचनेत अर्धंमुर्धंच सांगितलं होतं.

"तू वाच," सर म्हणाले. "मी ऐकतो."

मी वाचत गेले. वेळ, कुठून आलं, काय मागितलं, किती मोठी फाइल. सर डोळे मिटून बसले होते. मधेच हात वर करून म्हणायचे, "ये वाला परत," आणि मी परत वाचायचे. मंगळवार दुपारच्या नोंदींत एका ठिकाणी एकाच पत्त्यावरून पाठोपाठ चाळीसेक फाइली आल्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या. मी थांबले.

"काय झालं? वाच."

"सर, हेच दिसतंय."

"वाच तर."

वाचलं. सरांनी ते तीन वेळा वाचून घेतलं. मग म्हणाले, "दोन फाइलींत अंतर किती आहे, सेकंदात?" मी सांगितलं. "आणि मागच्या मंगळवारी, याच वेळेला?" मी मागच्या मंगळवारच्या नोंदी उघडल्या. तशाच चाळीस, त्याच पत्त्यावरून, तेवढ्याच अंतरानं. "तराना," सर म्हणाले. "मंगळवारी बाजार असतो, गर्दी जास्त. त्यांचा माणूस सकाळचे सगळे नमुने दुपारी एकदम चढवतो. माप एकच कारण फॉर्म एकच. चोर एवढा शिस्तीत येत नाही."

मी तरान्याला फोन करून खात्री करून घेतली. तसंच होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी ओढणीत तोंड घालून रडले आणि त्याच वेळी मला सरांचा इतका राग आला की काही विचारू नका. एवढं ज्या माणसाला येतं त्यानं तोंड उघडून "मला दिसत नाही" एवढं म्हणायला काय हरकत होती. आम्ही रोज असंच केलं असतं, मी वाचलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं. मग आठवलं की म्हणायचं माझ्याही हातात होतं.

अडीच वाजेपर्यंत आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. कोणी आत आलेलं नव्हतं. लॅबची खिडकी उघडली. सरांनी डबा काढला, त्यातली अर्धी पोळी मला दिली आणि म्हणाले, "मधलं दिसत नाही गं. कडेचं दिसतं. तुझा चेहरा बघायचा तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. आता औषध नाही म्हणतात यावर, आहे तेवढं टिकवायचं." त्यांनी मला विचारलं असतं, "तुला माहीत होतं का?" तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. त्यांनी विचारलं नाही.

तीनला मालकाचा फोन आला. लॅबनं त्याला कळवलं होतं. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"सर, प्रणाम. ये हुआ कैसे? अपने यहाँ तो दो बार पढ़ते हैं ना?"

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं की उलट वाचन झालंच नाही, दिवाळीपासून झालं नाही, आणि खूण माझ्या हातची आहे. सरांनी माझ्या दिशेनं हात केला, थांब म्हणून.

"मैंने पढ़ा नहीं था बेटा," सर म्हणाले. "याद से बोल दिया। मुझे दिखता नहीं है अब। कुछ महीने हो गए।"

मग मालकानं अगदी हळू विचारलं, "मैडम को पता था?"

"नहीं। उसको कैसे पता होगा?"

"और उल्टा वाला?"

"वो मैंने ही मना किया था। मैंने कहा, मैं कर चुका हूँ, तू टिक कर दे। मेरी बात वो कैसे टालती?"

मी त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्या कानाकडे बघत होते. मी एक शब्द बोलले नाही. फोनमध्ये मालक म्हणाला की लॅबला संध्याकाळी पाचपर्यंत लेखी अहवाल पाहिजे, कारण स्पष्ट लिहा, दोघांच्या सह्या घ्या, नाही तर काम हातचं जाईल. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "सर, कल से आप आराम कीजिए। मैं शाम को गाड़ी भेजता हूँ, आपको घर छोड़ देगी।" सर म्हणाले, "गाडी कशाला? चलके जाऊँगा। पास ही तो है।" बोलण्याच्या भरात पहिले शब्द मराठीत गेले, पण मालक समजला.

अहवाल मी लिहिला. काय झालं, किती वाजता, कोणी काय दुरुस्त केलं, कोणी आत आलं नाही हे कशावरून. हे सगळं भराभर लिहून झालं. मग "कारण" असा मथळा देऊन मी थांबले. दोन वाक्यं लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली. शेवटी जे राहिलं ते असं होतं: पहिल्या वाचकाची दृष्टी गेलेली होती आणि ही बाब त्यांनी सहकाऱ्यांपासून लपवून ठेवली, उलट वाचन त्यांच्याच सांगण्यावरून गाळण्यात आलं. त्यात माझं नाव कुठेही नव्हतं. सर फोनवर जे बोलले तेच मी लिहिलं, एवढं मी मनाशी धरून बसले होते. घरचे हप्ते, लेकीची शाळा, या वयात दुसरीकडे कोण घेणार, हेही सगळं मनाशी होतं.

"वाच बघू काय लिहिलंस," सर म्हणाले.

मी वाचायला घेतलं. वेळा वाचल्या, दुरुस्ती वाचली, तरान्याचं वाचलं. सर मान हलवत होते. "कारण" आलं आणि मी अडले. समोर ते वाक्य होतं आणि समोरच ते बसले होते. मला ते वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणता येईना. मी स्क्रीनकडे बघत, नेहमीच्या वाचायच्या आवाजात म्हणाले, "दोन्ही वाचकांकडून वाचनात हलगर्जीपणा झाला आणि उलट वाचन राहून गेलं."

सरांची मान हलायची थांबली.

"दोन्ही काढ त्यातून," ते म्हणाले. "माझं एकट्याचं लिही. तुझी नोकरी आहे अजून पुढे. मी तर उद्यापासून घरीच आहे."

"नको सर."

"ऐक माझं. बदल ते."

मी कीबोर्ड पुढे ओढला आणि त्यांना ऐकू येईल अशा बेतानं पाच-सहा कळा दाबल्या. मग त्या खोडल्या. "बदललं," मी म्हटलं.

"शाब्बास. काढ प्रिंट."

कागद निघाला. त्यांनी पेन हातात घेतलं, मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सही त्यांनी अगदी सरळ केली.